स्पेनला जाण्यापूर्वी पोटाशी बोलून घ्यावे

स्पेनला निघालेल्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नसते. बार्सिलोनाच्या रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर पाकीट पुढच्या खिशात ठेवावे, शेन्गेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहू नये, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा, हे सारे ज्यांनी खोपोलीच्या पलीकडे पाऊल टाकलेले नाही असे लोकही मोठ्या तळमळीने सांगतात. हे सल्ले चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार एवढीच की, त्या विम्यात पाय मोडण्यापासून मृतदेह मायदेशी आणण्यापर्यंत सगळ्याची तरतूद असते, पण संध्याकाळी साडेसातला पोटात आग पडली आणि अख्ख्या शहरात एकही चूल पेटलेली नसली तर काय करावे, याविषयी त्यात एक ओळही नसते.

मी हे अधिकाराने सांगतो, कारण मी ऐन जुलैमध्ये आत्याला घेऊन स्पेनला गेलो होतो. आत्या सांगलीची, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी धडधाकट आणि आहाराने इतकी पक्की शाकाहारी की अंडे तर सोडाच, ज्या तव्यावर कधीकाळी आम्लेट झाले असेल त्या तव्यावरची भाकरीही ती खाणार नाही. सकाळी साडेअकराला तिचे पान मांडलेले असते आणि संध्याकाळी साडेसातला दुसरे. या दोन वेळा गेल्या पन्नास वर्षांत लग्ने, बारशी, महापूर आणि निवडणुका यांपैकी कशानेही हललेल्या नाहीत.

आता स्पेनचे वेळापत्रक पाहा. सकाळी आठच्या सुमारास कॉफी आणि पावाचा एक भाजलेला तुकडा. अकराच्या सुमारास पुन्हा एकदा काहीतरी तोंडात टाकायचे. खरे जेवण दुपारी दोन ते चार या वेळात. सहाच्या आसपास मुलांना खाऊ, आणि मोठ्यांपैकी ज्यांना धीर धरवत नाही त्यांनाही. रात्रीचे जेवण नऊनंतर, उन्हाळ्यात बऱ्याचदा दहाला. या सगळ्यात प्रवाशाने लाल शाईने अधोरेखित करून ठेवावा असा एक पट्टा आहे, तो दुपारी चार ते रात्री साडेआठचा. या काळात खाणावळीचे दार उघडे असते, खुर्च्या मांडलेल्या असतात, बिअर मिळते, हिरवी ऑलिव्ह मिळतात, मालक हसून बोलतो. फक्त स्वयंपाकघर बंद असते.

माद्रिदच्या लावापिएस भागातल्या अशाच एका खाणावळीत आम्ही पहिल्या संध्याकाळी साडेसातला जाऊन बसलो. वेटर आमच्या शेजारच्या टेबलावर कागदी रुमालांच्या घड्या घालत होता. त्याने आमच्याकडे इतक्या आस्थेने पाहिले की, कुणीतरी आजारी आहे अशी त्याची समजूत झाली असावी. जेवण नऊला, असे त्याने नऊ बोटे दाखवून सांगितले. मग त्याचे उरलेले सहकारी आतून आले आणि कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसून स्वतः शांतपणे खाऊ लागले. भुकेल्या माणसाने दुसऱ्याचे जेवण पाहत बसणे हे आपल्याकडे शिष्टाचाराला धरून नाही. तिथे त्याला पर्यायच नव्हता. आत्याने मान वळवून रस्त्याकडे पाहिले. बाहेर पापड वाळत घालावेत असे ऊन होते.

"अरे, अजून दुपारच आहे की," ती म्हणाली. "मग मला भूक कशी लागली?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. नकाशात पाहिले तर स्पेन हा देश इंग्लंडच्या खाली येतो. ग्रीनिचची मध्यान्हरेषा त्याच्या पूर्व भागातून जाते आणि साराहोसाहून बार्सिलोनाकडे जाणाऱ्या महामार्गावर तिच्या जागी एक कमानही उभारलेली आहे. म्हणजे न्यायाने तिथे लंडनची वेळ असायला हवी. परंतु मार्च १९४० मध्ये जनरल फ्रांकोच्या राजवटीने देशाचे घड्याळ एक तास पुढे नेऊन बर्लिनच्या घड्याळाशी जुळवले आणि युद्ध संपले, हिटलर गेला, पुढे १९७५ मध्ये फ्रांकोही गेला, तरी घड्याळ तिथेच राहिले. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे करतात. परिणामी जुलैमध्ये माद्रिदचा सूर्य डोक्यावर येतो तो सव्वादोनच्याही नंतर, आणि मावळतो पावणेदहाच्या सुमारास. सरकारने काटे फिरवले, पण लोकांच्या पोटांनी त्या हुकमाची फारशी दखल घेतली नाही. (आपल्याकडेही मुंबईने भारतीय प्रमाणवेळेला न जुमानता आपला एकोणचाळीस मिनिटे मागचा 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत हट्टाने चालवला होता, तेव्हा या बाबतीत स्पेनला हसण्याचा अधिकार निदान मुंबईकरांना नाही.)

आत्याने हे ऐकले आणि ती हिशेबाला बसली. ती निवृत्त गणित शिक्षिका आहे, हे मी सांगायचे राहिले. सांगलीत जुलैमध्ये सूर्य माथ्यावर येतो साधारण बारा अडतीसला, म्हणजे तिचे सकाळचे जेवण मध्यान्हीच्या तास-सव्वा तास आधी होते आणि रात्रीचे सुमारे सात तासांनंतर. तोच हिशेब माद्रिदच्या सूर्याला लावला, तर जेवणाच्या वेळा येतात दुपारी सव्वाएक आणि रात्री सव्वानऊ. सव्वानऊ! ज्या वेळेला आम्ही रानटी म्हणत होतो, ती सूर्याच्या दृष्टीने आत्याचीच वेळ निघाली. तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि ही माणसे वेळेवरच जेवतात, घड्याळ तेवढे चुकलेले आहे, असा निकाल देऊन स्पेनच्या जनतेला दोषमुक्त केले.

दुर्दैवाने पोटाला सूर्य दिसत नाही. ते सांगलीचेच घड्याळ धरून बसते आणि उन्हाळ्यात सांगली माद्रिदच्या साडेतीन तास पुढे असते. म्हणजे सांगलीत साडेअकराला पान मांडले जाते तेव्हा माद्रिदमध्ये सकाळचे आठ वाजलेले असतात. पोट वरण-भात मागत असते आणि समोर येतो पावाचा तुकडा. सांगलीचे संध्याकाळचे साडेसात म्हणजे माद्रिदचे दुपारचे चार. नेमक्या ज्या क्षणी पोट दुसऱ्यांदा हाक देते, त्याच क्षणी स्पेनमधल्या स्वयंपाकघरांच्या शेगड्या विझतात. एवढा अचूक योग एखाद्या ज्योतिषाला मुद्दाम काढून देता आला नसता. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पोहोचल्यावर पहिले काही दिवस दुपारी सव्वातीनला, भूक असो वा नसो, गच्च जेवून घ्यावे. हे जेवण स्वस्तही पडते. कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक खाणावळींत 'मेनू देल दिया' नावाचे ठरलेले जेवण असते. दोन पदार्थ, पाव, एखादे पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, असे सगळे मिळून बारा ते सोळा युरोंच्या घरात. साठच्या दशकात फ्रांकोच्या पर्यटन मंत्रालयाने पर्यटकांसाठी ठरलेल्या दराचे जेवण सक्तीचे केले, त्याचा हा वंशज. फ्रांकोने घड्याळ बिघडवले आणि त्याच्याच सरकारने जेवण लावून दिले, तेव्हा जमाखर्च मांडताना हेही लक्षात घ्यावे.

इथवर फक्त वेळेचे झाले. ताटात काय येते, हा निराळा अध्याय आहे.

स्पेनमध्ये हामोन, म्हणजे मिठात मुरवून महिनोन्महिने वाळवलेली डुकराची मांडी, हा पदार्थ आहे असे म्हणणे अपुरे होईल. ती हवेसारखी सर्वत्र असते. खाणावळीच्या छताला अशा मांड्या ओळीने टांगलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या खालच्या टोकाला चरबीचे थेंब टिपण्यासाठी प्लास्टिकची एक इवलीशी उलटी छत्री खोचलेली असते. आत्याला पहिल्यांदा बसायला मिळालेली जागा बरोबर अशाच एका छत्रीखाली होती. तिने वर पाहिले, छत्रीचे प्रयोजन माझ्याकडून समजून घेतले आणि मग भर उन्हात, चाळीस अंशांत, बाहेरच्या टेबलावर बसणे पसंत केले. तिथे एक गोष्ट कळली: बाहेरच्या टेबलावर तेच खाणे कधीकधी थोडे महाग पडते. सावलीचे पैसे घेतात हे समजू शकते, उन्हाचेही घेतात.

'मी शाकाहारी आहे' एवढे स्पॅनिशमध्ये सांगितले की काम झाले, असे समजणाऱ्यांची मला कीव येते. वेटर मान डोलावतो, त्याचा हेतू अत्यंत शुद्ध असतो आणि तो ट्यूना मासा घातलेली कोशिंबीर आणून ठेवतो. मासा नको म्हटले की मटाराची उसळ येते. तिच्यात हामोनचे तुकडे. आर्टिचोक ही निखळ भाजी, तीवर हामोन. मसूर मागावेत तर त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. कोर्दोबाचे साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव आणि ऑलिव्ह तेलाचे गार, दाट सार ऐन उन्हाळ्यात अमृततुल्य असते, परंतु त्यावर उकडलेले अंडे आणि हामोन भुरभुरल्याशिवाय ते पूर्ण झाले असे कोर्दोबात कुणी मानत नाही. "मांस नको म्हणाला होतात ना?" वेटर विचारतो. "यात मांस नाही. थोडासा हामोन आहे." या युक्तिवादापुढे तर्कशास्त्र थकते. तेव्हा काय काय नको, याची संपूर्ण यादी रामरक्षेसारखी पाठ करावी आणि ऑर्डर देताना एका दमात म्हणावी: मांस नको, मासा नको, ट्यूना नको, हामोन नको, चोरिसो नको, अंडे नको. गोडाच्या बाबतीतही गाफील राहू नये. मायोर्का बेटाची एन्साइमादा नावाची वळ्यावळ्यांची मऊ लुसलुशीत मिठाई डुकराच्या चरबीत मळलेली असते आणि नाताळातले मान्तेकादोही तसेच.

मग घरूनच न्यावे म्हणाल, तर तिथे युरोपीय संघाचे नियम आडवे येतात. मांस आणि दूध यांपासून केलेले पदार्थ भारतातून सोबत नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी आणि साताऱ्याचे कंदी पेढे दोन्ही बाद. ताजी फळे-भाज्या रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, त्यात कढीपत्त्याची जुडीही आली. मात्र केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांना सूट आहे. या यादीत नारळ आहे हे वाचून आत्याला युरोपीय संघाविषयी एकदम आदर वाटू लागला. ड्युरियन कुणासाठी ठेवला आहे, हे मात्र आम्हाला उलगडले नाही. मेतकूट, भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी यांना कुणाचीच हरकत नव्हती, आणि सेवियातल्या भाड्याच्या घरात रात्री आठला, म्हणजे शहर बंद असताना, त्या भाजणीने आमची लाज राखली.

परंतु स्पेनमध्ये शाकाहारी माणसाचे हालच होतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. सेवियात पालक आणि काबुली चण्यांची जी भाजी मिळते, तिच्यात जिरे आणि लसूण अशा प्रमाणात पडलेले असतात की आत्याने दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा मागणे हे तिच्याकडून परक्याला मिळणारे दुर्मिळ प्रशस्तिपत्र आहे. भाज्या एकत्र शिजवून केलेला पिस्तो वरचे अंडे वगळून घेतला तर उत्तम. पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्यांतली एखादीच तिखट निघते. आमच्या टेबलावर स्थानिक मंडळी त्या एका मिरचीची धास्तीने वाट पाहत होती आणि आत्या ती निघत नाही म्हणून कंटाळली होती. पण खरा साक्षात्कार झाला तो कोर्दोबात, वांग्याच्या तळलेल्या कापांवर. त्यांवर काळसर, दाट, धारेने ओतलेले काहीतरी होते. मेनूत मध असे लिहिले होते. आत्याने बोटाच्या टोकाने चाखले आणि डोळे मिटले. "मध कसला," ती म्हणाली, "ही काकवी आहे." ती खरोखरच उसाची काकवी होती. अरबांनी अन्दालुसियात, म्हणजे स्पेनच्या दक्षिण भागात, ऊस नेला, आणि मालागा प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावात आजही उसाचा रस आटवून ही काकवी तयार होते. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला परमुलखात गुऱ्हाळाचा वास यावा यापरते सुख नाही. त्या दिवशी वेळापत्रकाची तक्रार झाली नाही.

मंडईविषयी एक सूचना दिलीच पाहिजे. स्पेनमध्ये फळवाल्याच्या गाड्याला किंवा दुकानाला रांग दिसत नाही, पण ती असते. आल्याबरोबर 'शेवटचे कोण?' असे विचारायचे, कुणीतरी बोट वर करते आणि त्याच्यानंतर आपण, हे सर्वांच्या मनात नोंदले जाते. ही व्यवस्था इतकी सुसंस्कृत आहे की आपल्या एसटी स्थानकांवर ती आणावी असे क्षणभर वाटते आणि लगेच ओसरते. दुसरे म्हणजे, फळाला हात लावायचा नाही. हवे ते सांगायचे, विक्रेता काढून देतो. मोठ्या दुकानांत स्वतः घ्यायचे असेल तर हातात प्लास्टिकचा पातळ मोजा चढवावा लागतो. आता भेंडीची शेंडी मोडून पाहणाऱ्या आणि टोमॅटो अंगठ्याने दाबल्याशिवाय पिशवीत न टाकणाऱ्या बाईला हे कसे पटावे? ग्रानादाच्या बाजारात आत्याने तिसरा टोमॅटो दाबला तेव्हा फळवालीने ओरडून काहीतरी सांगितले. आत्याने तिला तितक्याच ठणठणीत सांगलीच्या मराठीत उत्तर दिले. दोघींचे काही काळ चालले, एकीलाही दुसरीचे अक्षर कळले नाही, आणि शेवटी फळवालीने स्वतःच एकेक टोमॅटो दाबून दाखवत पिशवी भरून दिली.

ज्या देशात जेवण दहाला असते तिथे सगळेच सैल असणार, या समजुतीत मात्र कुणी राहू नये. आवे या वेगवान रेल्वेगाडीचे फाटक गाडी सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटे बंद होते, आणि त्याआधी सामान क्ष-किरण यंत्रातून जायचे असते. ग्रानादातल्या आल्हाम्ब्रा या जुन्या किल्ल्याचे तिकीट नावानिशी काढावे लागते, दारात पासपोर्ट पाहतात, आणि नास्रिद राजवाड्यांत शिरण्यासाठी तिकिटावर छापलेला अर्धा तास चुकला की विनवण्यांचा उपयोग नाही. ही वेळ आम्हाला मिळाली ती दुपारी अडीचची. म्हणजे उरलेला सारा देश जेवायला बसलेला असताना, सिंहांच्या कारंज्याभोवतीची ती अप्रतिम नक्षी पाहत आम्ही भुकेने उभे होतो. वेळ निवडण्याची मुभा असेल तर सकाळची घ्यावी.

बिल मागितल्याशिवाय येत नाही, हेही सांगून ठेवतो. जेवल्यावर तासभर बोलत बसणे हा तिथे जेवणाचाच भाग मानतात आणि न मागता बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे. न मागता आलेला पाव बिलात असू शकतो; नळाचे पाणी मात्र २०२२ च्या कायद्यानुसार हॉटेलांनी फुकट द्यायचे आहे, फक्त ते आपण मागावे लागते.

आणि मग आली संकष्टी. जुलैत, स्पेनमध्ये, उपवास. मला घाम फुटला होता. प्रत्यक्षात साऱ्या प्रवासात पोटाचे सर्वांत सुरळीत गेले ते याच दिवशी. उपवासाच्या फराळाला स्वयंपाकघर उघडे लागत नाही. कॅनरी बेटांची केळी, पीच, बदाम, भाजलेले शेंगदाणे आणि खजूर सगळीकडे मिळतात. एल्चे गावाची खजुराची बाग तर २००० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. चुरो, म्हणजे पिठाच्या लांबट कांड्या, तळणारी दुकाने बटाट्याचे ताजे वेफर्सही तळून कागदी पुड्यात देतात, त्यात बटाटा, तेल आणि मीठ याखेरीज काही नसते. आपल्या उपवासाचे बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून जगभर गेलेले. तेव्हा उपवासाच्या दिवशी स्पेनने आमची काळजी घ्यावी हे एका अर्थी जुन्या ओळखीला धरूनच होते. "हामोन घातलेला उपवासाचा पदार्थ नाही वाटतं यांच्यात?" एवढाच टोमणा आत्याने मारला.

प्रश्न उरला चंद्रोदयाचा. आपल्या दिनदर्शिकेत मुंबई, पुणे, सोलापूर यांच्या वेळा असतात, माद्रिदची नसते. इंटरनेटवर पाहिले तर चंद्र अकरा वाजून गेल्यावर उगवणार होता. सांगलीत असे झाले असते तर घरचे सगळे पेंगत बसले असते आणि बाहेर काही मिळण्याची गोष्टच नव्हती. आम्ही पूर्वेकडचे आकाश मोकळे दिसावे म्हणून सिबेलेस चौकात जाऊन उभे राहिलो. तिथे सिंहांच्या रथात बसलेल्या देवीचा मोठा पुतळा आहे. रेआल माद्रिद जिंकले की तिथे गुलाल उधळायचा तेवढा बाकी ठेवतात. आत्याने तिलाही एक नमस्कार केला, सिंहावरची देवी ती देवीच, अशा हिशेबाने. भोवती बाबागाड्या होत्या, आइस्क्रीम खाणारी पोरे होती, आत्याच्या वयाच्या आज्या पंखे हलवत बाकांवर गप्पा छाटत होत्या. चंद्र इमारतींच्या वर यायला आणखी अर्धा तास गेला. त्यानंतर आम्ही निवांत चालत पुएर्ता देल सोलजवळच्या सान हिनेस या १८९४ पासूनच्या चुरोच्या दुकानात गेलो, मध्यरात्री रांगेत उभे राहिलो आणि गरमागरम चुरो आणि चमचा उभा राहील इतके घट्ट चॉकलेट यांवर उपवास सोडला. पीठ, पाणी, मीठ आणि तेल. आत्याने दोनदा चौकशी करून खात्री केली.

तिथेच मी तिला सांगितले की, स्पेनचे घड्याळ पुन्हा ग्रीनिचला नेऊन एक तास मागे करावे, अशी शिफारस तिथल्या संसदेच्या समितीने २०१३ मध्येच केली आहे. तसे झाले तर लोक लवकर जेवतील आणि लवकर झोपतील अशी आशा आहे, पण अजून काही हललेले नाही. साऱ्या प्रवासात या वेळापत्रकाने जिला छळले, ती आनंदाने टाळी वाजवील अशी माझी अपेक्षा होती. आत्याने चुरोचा शेवटचा तुकडा चॉकलेटमध्ये बुडवला, मनातल्या मनात काहीतरी मांडले आणि मान हलवली.

"नको रे बाबा. मग चंद्र उगवणार दहाला, आणि हे लोक आठलाच जेवून भांडी घासून मोकळे. संकष्टीला काय करायचं माणसानं?"